निसर्गसहवास आणि खचलेली तरुण मने

‘निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न होते’ हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधांतून इतक्या वेळा लिहिले आहे की, त्याचा अर्थ काय, हे स्वतःला विचारायचे आपल्याला सुचतच नाही. प्रसन्न मन अधिक प्रसन्न होत असेल. पण जे मन मुळातच मोडकळीला आले आहे त्याचे काय? आईबापांचे छत्र हरपलेला मुलगा, निरीक्षणगृहात दिवस काढणारा पोर, गाव सोडून वसतिगृहात आल्यापासून कोणाशीच न बोलणारी मुलगी, यांना रानात किंवा डोंगरावर नेले तर नेमके काय घडते, आणि जे घडते ते कशामुळे? द्वितीय वर्षाला मानसशास्त्र हा विषय घेतल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. ग्रंथालयात जे वाचायला मिळाले आणि शिबिरात जे डोळ्यांनी पाहिले त्यांच्या आधारे तो येथे मांडत आहे.

प्रश्न लहान नाही. दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या दर सात मुलांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार जडलेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. ही मुले आपल्यासारख्याच बाकांवर बसणारी होती. त्यामुळे हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही, एवढे म्हणून पुढे जाते.

खचलेल्या किंवा बिथरलेल्या तरुणांना निसर्गात नेऊन सावरावे, या कल्पनेला विसाव्या शतकात संघटित रूप देणाऱ्यांत कुर्ट हान या शिक्षकाचे नाव प्रथम घ्यावे लागते. हान यांचा जन्म १८८६ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. १९२० साली त्यांनी जर्मनीतील सालेम येथे शाळा काढली. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ साली त्यांना तुरुंगवास घडला, आणि सुटका झाल्यावर त्यांनी इंग्लंडचा आश्रय घेतला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवीत होत्या. लॉरेन्स होल्ट नावाच्या जहाजमालकाच्या एक गोष्ट ध्यानात आली. जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होडीत बसलेले तरणेबांड खलाशी आधी दगावत आणि वयाने मोठे, शिडाच्या जहाजांवर मुरलेले खलाशी तग धरीत. ताकद तर तरुणांत जास्त. मग असे का? तरुणांच्या अंगात बळ आहे, पण आपण यातून पार पडू शकतो असा भरवसा त्यांना कधी लाभलेलाच नाही, असे होल्ट यांचे मत झाले. हान यांचेही मत तेच होते. दोघांनी मिळून १९४१ साली वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरडोव्ही येथे एक शाळा काढली. तिचे नाव ‘आउटवर्ड बाउंड’, म्हणजे बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेले जहाज.

या शाळेत मुले सुमारे महिनाभरच राहत. लहान होडी वल्हवणे व शिडावर हाकणे, नकाशा व होकायंत्र घेऊन डोंगर ओलांडणे, बुडणाऱ्याला वाचवण्याचे शिक्षण, आणि आसपासच्या लोकांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी काम असा त्यांचा क्रम असे. कारखान्यांतले उमेदवार, खलाशी पोरे, पोलिसांत भरती होऊ घातलेली मुले आणि चांगल्या घरची शाळकरी मुले एकाच होडीत बसत. सर्वांना नाविक बनवावे हा हेतूच नव्हता. समुद्राचा उपयोग करून माणूस घडवायचा, अशी ती दृष्टी होती. मला स्वतःला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो एकाच होडीचा. होडीत कोण कोणाचा मुलगा याला अर्थ राहत नाही. वल्हे सोडले तर सगळेच भिजतात!

हीच पद्धत पुढे अमेरिकेत गेली आणि तिथे तिची कसोटी लागली. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६० नंतरच्या दशकात केली व बेअर या दोन अभ्यासकांनी गुन्ह्यांत सापडलेली १२० मुले निवडली. त्यांपैकी ६० मुलांना आउटवर्ड बाउंडच्या शिबिरांत पाठवले. उरलेल्या ६० मुलांना नेहमीप्रमाणे सुधारगृहात अथवा देखरेखीखाली ठेवले. सुमारे वर्षभराच्या पाहणीत असे दिसले की, डोंगरदऱ्यांत राहून आलेल्यांपैकी २० टक्के मुले पुन्हा गुन्ह्यांत सापडली, तर दुसऱ्या गटातील ४२ टक्के. आकडे पाहून कोणालाही आनंद व्हावा. परंतु अभ्यासकांनी आणखी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत, आणि त्या सहसा कोणी सांगत नाही. एक अशी की, वयाच्या त्या अडनिड्या टप्प्यावर एखाद्या धक्क्याने वाट चुकलेल्या मुलांना शिबिराचा लाभ झाला. ज्यांचा मनोविकार खोल गेला होता त्यांना तितकासा झाला नाही. दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा दोन गटांतले अंतर बरेच उणावले होते. डोंगर तोच, मुलगा तोच; पण तो परत गेला ती गल्ली, ते घर आणि ती संगतही तीच होती. महिन्याभराच्या शिदोरीवर पाच वर्षे कशी निघावीत?

हा झाला साहसाचा प्रवाह. दुसरा प्रवाह शांत आहे. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयातल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सर्वांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. त्यानंतर स्टीफन व रेचल कॅपलन या दांपत्याने त्यामागची मीमांसा मांडली. अभ्यास करताना, रस्ता ओलांडताना, हिशेब करताना आपण लक्ष बळेच एका जागी धरून ठेवतो, आणि असे धरलेले लक्ष थकते. थकले की माणूस चिडतो, विसरतो, हिरमुसतो. उलट हलणारी पाने, वाहते पाणी किंवा ढग यांच्याकडे लक्ष आपोआप जाते, त्याला जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. लक्ष एकाग्र न होण्याचा विकार असलेल्या १७ मुलांना वीस वीस मिनिटे वेगवेगळ्या ठिकाणी फिरवून आणल्यावर, बागेतून आल्यानंतर त्यांचे लक्ष अधिक टिकले, असे २००९ सालच्या एका प्रयोगात आढळले. सतरा ही संख्या अगदीच थोडी आहे, हे मात्र विसरू नये.

मोठ्या संख्येच्या पाहण्याही झाल्या आहेत. २०१९ साली डेन्मार्कमधील नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून असे दिसले की, ज्यांचे बालपण हिरवाईत गेले त्यांना पुढे मनोविकार जडण्याचे प्रमाण कमी होते. त्याच वर्षी इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपले स्वास्थ्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगत असल्याचे दिसले. मग ती मिनिटे एकदम घालवलेली असोत की तुकड्यातुकड्यांनी. येथे आपल्या सांख्यिकीच्या सरांचा इशारा आठवतो. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्याची प्रकृती ठीक आहे तोच फिरायला बाहेर पडतो, असेही असू शकेल.

निसर्गात नेले म्हणजे भलेच होते, या समजुतीला तडा देणारी बाजूही अमेरिकेतच पाहायला मिळते. तिथे हट्टी, व्यसनी किंवा उदास मुलांना रानात ठेवून ‘सुधारण्याचा’ मोठा धंदा उभा राहिला. काही पालक पैसे भरत, आणि परके लोक मध्यरात्री येऊन मुलाला झोपेतून उठवून घेऊन जात. २००७ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा संस्थांची चौकशी केली. तीत छळाच्या हजारो तक्रारी आढळल्या आणि दहा मुलांच्या मृत्यूंची प्रकरणे सविस्तर तपासली गेली. त्यांतली काही मुले उन्हात चालवून, पाण्यावाचून मेली. ‘नाटक करतोय’ असे म्हणून त्यांच्या तक्रारीकडे दुर्लक्ष झाले होते. अ‍ॅबरडोव्हीत डोंगर होता आणि येथेही डोंगरच होता. फरक होता तो मुलगा स्वतःच्या पायांनी गेला की धरून नेला, आणि बरोबर गेलेल्या माणसाची नजर कशी होती, यात.

येथवर वाचलेल्या गोष्टी सांगितल्या. आता आमच्याकडचे थोडे सांगते, कारण या साऱ्या अभ्यासांत मला एक गोष्ट सापडली नाही.

‘निसर्ग’ हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. तो मला पाठ्यपुस्तकात भेटला. आमच्या माण तालुक्याकडे ‘रान’ म्हणतात. कोशात रान म्हणजे जंगल. आमच्याकडे रान म्हणजे शेत. ‘आबा रानात गेल्यात’ म्हणजे नांगरायला, खुरपायला किंवा बोअरचे पाणी आटले का ते बघायला गेलेत. माझ्या वयाची किती तरी मुले शेळ्यांमागे दिवसभर उघड्यावर हिंडली आहेत, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहिली आहेत. आठवड्याला १२० मिनिटे कसली, दिवसाला बारा तास ती निसर्गातच असतात. मग आमची मने सर्वांत निरोगी असायला हवीत! तसे नाही. ज्या आभाळाकडे शहरातला माणूस विसावा म्हणून बघतो, त्याच आभाळाकडे आमचे आबा जूनमध्ये कर्जाचा हप्ता म्हणून बघतात. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांनी जीव दिले ते हिरव्या-करड्या रानातच दिले.

याचा अर्थ पाश्चात्त्य अभ्यासक चुकले असा मी करत नाही. मला त्यातून असे वाटते की, औषध रानात नाही. रानात घालवलेल्या वेळात सक्ती किती आणि आपलेपणा किती, यावर ते अवलंबून आहे. शेळ्या राखणाऱ्या पोरालाही दुपारी ओढ्याच्या काठी बाभळीखाली एक तास मिळतो. तो त्याचा स्वतःचा असतो, त्या तासाला कोणी हिशेब विचारत नाही. कॅपलन दांपत्य ज्याला लक्षाचा विसावा म्हणते तो कदाचित हाच असावा. उरलेले अकरा तास म्हणजे मजुरी.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात आम्ही एका गावच्या डोंगरउतारावर सलग समतल चर खणले. २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने आमच्या भागात गावेच्या गावे असे चर खणत होती, त्यामुळे काम सर्वांना ठाऊक होते. आमच्या गटात एक मुलगी होती. नाव देत नाही. आदल्या उन्हाळ्यात तिचे वडील वारले होते आणि तेव्हापासून ती वर्गात येई, बसे, जाई, एवढेच. वसतिगृहातल्या आम्ही मुलींनी, बाईंनी, सर्वांनी तिला ‘बोल, मन मोकळे कर’ म्हणून पाहिले होते. समोर बसवून असे विचारले की ती अधिकच मिटे.

चर खणताना रचनाच वेगळी असते. एकीने टिकाव मारायचा, दुसरीने खोऱ्याने माती घमेल्यात ओढायची, तिसरीने ती खालच्या अंगाला बांधावर टाकायची. तोंडे एकाच दिशेला, डोळे मातीत. कोणी कोणाकडे बघत नाही. तिसऱ्या दिवशी टिकाव मारता मारता ती म्हणाली, “आमच्या दादांना मुरूम लागला की राग यायचा.” एवढेच. मी “हं” म्हटले आणि घमेले पुढे केले. मग दुपारपर्यंत ती अधूनमधून वडिलांविषयी बोलत राहिली. सातव्या दिवशी चराच्या कडेला उभी राहून तिने आम्ही खणलेली लांबी पावलांनी मोजली. मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजली. परीक्षेतले गुण माणसाला दुसरा देतो. हा चर मात्र तिच्यासमोर पडलेला होता, त्याला कोणाची सही लागत नव्हती.

शिबिराहून परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. मॅसॅच्युसेट्सच्या मुलांचे आकडे मी त्यानंतर वाचले आणि मला ते परके वाटले नाहीत. पुढे आमच्या एका बाईंनी रविवारी सकाळी टेकडीवर जायला सुरुवात केली. ज्यांना यायचे त्यांनी यावे, न येणाऱ्यांना कारण विचारायचे नाही. ती कधी येई, कधी येत नसे. हळूहळू येण्याचे दिवस वाढले. त्याच काळात जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे तिचे औषधही चालू होते. किती गुण टेकडीचा आणि किती औषधाचा, हे मला सांगता येणार नाही, आणि सांगता येत नाही म्हणून दोन्हींपैकी एक सोडावे असेही नाही. (केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. हा क्रमांक आपल्या सूचनाफलकावर लावता येईल.)

निसर्ग आणि श्रम यांची अशी सांगड आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. बाबा आमटे यांनी १९६७ साली चंद्रपूरकडील सोमनाथच्या जंगलात तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. कुष्ठरोगामुळे समाजाने टाकलेल्या माणसांनी पिकवलेल्या भूमीत शहरातली मुले घाम गाळायला येऊ लागली. हान यांच्या होडीत श्रीमंत-गरीब एकत्र आले, तर बाबांच्या छावणीत टाकलेले आणि न टाकलेले. मला बाबांची रचना अधिक धाडसी वाटते, कारण तिथे जो दुबळा समजला जातो तोच यजमान असतो.

मुलींच्या बाबतीत एक अडचण आहे, आणि ती पुस्तकांत बसत नाही. ‘निसर्गात एकटे बसा’ असा सल्ला मुलगी पाळू शकत नाही. टेकडीवर एकटी बसलेली मुलगी दिसली की दोन मोटारसायकली थांबतात, आणि संध्याकाळपर्यंत गावात चार गोष्टी पसरतात. म्हणून मुलींसाठी निसर्गसहवास हा मुळातच सोबतीचा विषय आहे. मुलगे दरीच्या तोंडावर जाऊन बसू शकतात, आम्हांला आधी सोबत शोधावी लागते. वसतिगृहाचे फाटक सायंकाळी बंद होते, तेव्हा उरते ती सकाळ.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुरती एक सूचना करते. ग्रंथालयामागची पडीक जागा गेली कित्येक वर्षे तशीच आहे. दर पावसाळ्यात तिथे वृक्षारोपण होते, बहुधा त्याच खड्ड्यांत, आणि छायाचित्र अहवालात लागते. ती जागा रविवारी सकाळी सहा ते आठ उघडी ठेवावी. येणाऱ्यांत आपल्या वसतिगृहातली मुले-मुली असावीत, आणि गावातल्या बालगृहातली मुलेही अधीक्षकांच्या परवानगीने, त्यांच्या इच्छेने असावीत. त्यांना ‘लाभार्थी’ म्हणून रांगेत बसवू नये. त्यांतली किती तरी मुले शेतकऱ्यांची आहेत, रोपाला आळे कसे करायचे हे ती आपल्यातल्या अनेकांना शिकवतील. एक प्राध्यापक दर वेळी तोच असावा, बदलता नको. भाषण नको, हजेरी नको, आणि कोणाला ‘तुझे काय झाले’ असे विचारणे तर मुळीच नको. ज्याला नुसते लिंबाखाली बसायचे असेल त्याला बसू द्यावे. छायाचित्रे वर्षातून एकदा, झाडांची घ्यावीत.

सहा ते आठ म्हणजे १२० मिनिटे होतात. इंग्लंडच्या पाहणीशी हा आकडा जुळला तो योगायोगाने. आठला खानावळीत नाश्ता सुरू होतो, हे खरे कारण आहे. रोपे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून मिळू शकतील. लिंब, करंज, चिंच आणि आमच्याकडे जगणारी बोर घ्यावी. गुलमोहराचा आग्रह नको. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावणी करायची तर खड्डे मार्च-एप्रिलमध्येच खणून उन्हात तापू द्यावे लागतात, म्हणजे हा अंक हातात पडेल तेव्हा टिकाव-खोऱ्यांची मागणी कार्यालयात गेलेली असायला हवी.